व्यवस्थापनातलं डिजिटल तंत्रज्ञान: विषय चांगला, प्रश्न चुकीचा



पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, आता आरआरसीसमोर आराखडा मांडायचा आहे आणि विषय जवळजवळ ठरलाय: 'शैक्षणिक संस्थांच्या व्यवस्थापनात नवोपक्रम व डिजिटल तंत्रज्ञानाचा वापर: एक चिकित्सक अभ्यास'. पुढे जिल्ह्याचं नाव. तुमच्यापैकी अनेकांचा विषय हाच आहे किंवा याच्या आसपासचा आहे. शिक्षणशास्त्र, वाणिज्य, व्यवस्थापन, ग्रंथालयशास्त्र, कुठल्याही विद्याशाखेत हा बसतो. शोधगंगेवर शोधलंत तर या कुळातले प्रबंध पानंच्या पानं निघतात.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मोजमाप हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे असे प्रबंध वाचताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: इथे नेमकं काय मोजलंय? आणि स्पष्टच सांगते, बहुतेक ठिकाणी उत्तर निराश करणारं असतं. विषय वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. उलट महाराष्ट्रात आज यापेक्षा महत्त्वाचे विषय थोडेच असतील. पण आपण त्याला जो प्रश्न विचारतो तो चुकतो. कसा चुकतो आणि त्याऐवजी काय विचारता येईल, ते आज बघू.

आधी नेहमीचा साचा बघा. पहिल्या प्रकरणात 'आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग आहे'. तिसऱ्या प्रकरणात शंभर-दीडशे मुख्याध्यापक किंवा प्राचार्य, सोयीने निवडलेले. हाती पाच बिंदूंची लिकर्ट श्रेणी. विधानं अशी: 'डिजिटल तंत्रज्ञानामुळे वेळेची बचत होते', 'पारदर्शकता वाढते', 'निर्णय घेणे सोपे जाते'. मग क्रॉनबाख अल्फा, मग टी-चाचणी, मग 'शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे'. शेवटी शिफारशी: प्रशिक्षण द्यावे, इंटरनेटचा वेग वाढवावा, शासनाने अनुदान द्यावे. या शिफारशी सर्वेक्षणाच्या आदल्या दिवशीही लिहिता आल्या असत्या की नाही, सांगा बरं.

यात तीन दोष आहेत आणि ते एकमेकांना झाकतात.

पहिला म्हणजे उत्तर देणारा माणूस. तुम्ही शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र घेऊन शाळेत जाता. मुख्याध्यापक ते पत्र आधी वाचतात, प्रश्नावली नंतर. ज्या पोर्टलवरून त्यांची शाळा रोज तपासली जाते, ते पोर्टल उपयुक्त आहे का असं तुम्ही त्यांना त्याच कार्यालयाच्या पत्राखाली विचारताय. ते 'पूर्णतः सहमत' लिहिणार नाहीत तर काय लिहिणार?

दुसरा दोष अल्फाचा. अल्फा ०.८ च्या वर आला की आपण निश्चिंत होतो. पण १९५१ मध्ये क्रॉनबाखने सांगितलेला हा गुणांक विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत तेवढंच सांगतो. सगळी विधानं एकाच दिशेची, म्हणजे स्तुतीची असतील आणि काही मुख्याध्यापक सगळीकडे ५, काही सगळीकडे ४, तर काही सगळीकडे ३ असं डोळे मिटून ओढत गेले, तर अल्फा झकास येतो. तुम्ही मोजलेली असते ती फक्त होकाराची सवय.

तिसरा दोष सिद्धांताचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. या प्रबंधांत हमखास 'टॅम' असतं, म्हणजे तंत्रज्ञान-स्वीकृती प्रतिमान. फ्रेड डेव्हिसने १९८९ मध्ये मांडलेलं. माणसाला साधन उपयुक्त वाटलं आणि वापरायला सोपं वाटलं तर तो वापरण्याचा हेतू धरतो आणि मग वापरतो, अशी साखळी. ही साखळी अशा ठिकाणी शोभते जिथे वापरायचं की नाही हे बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असतं. व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याचं विस्तारित रूप मांडलं तेव्हा 'ऐच्छिकता' हा घटक वेगळा काढला, तो उगाच नाही. आपल्या शाळेत सरल किंवा यू-डायस प्लस भरायचं की नाही हे मुख्याध्यापकाला विचारतंय कोण? भरावंच लागतं. 'वापरण्याचा हेतू' हा चल इथे हलतच नाही, आणि जे हलत नाही त्याचा सहसंबंध तुम्ही काढत बसता.

मग हलतं काय? पोर्टलवरचा आकडा हलतो, आणि त्या आकड्यामुळे शाळेत बऱ्याच गोष्टी हलतात. माझं म्हणणं इतकंच आहे की संशोधन तिथे व्हायला हवं.

अमडापूरच्या आसपासची शाळा घेऊन बघू

अमडापूर हे बुलडाणा जिल्ह्यातलं, चिखली तालुक्यातलं, खामगावच्या रस्त्यावरचं गाव. आमच्या भागातल्या एखाद्या छोट्या गावची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. तिथे क्लार्क नाही. मुख्याध्यापक स्वतः दोन वर्ग सांभाळतात. व्यवस्थापन म्हणजे तुमच्या संदर्भसाहित्यातली ईआरपी प्रणाली वगैरे काही नाही. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, उपस्थितीची नोंद, आणि वरून व्हॉट्सअॅपवर 'आज पाच वाजेपर्यंत माहिती द्यावी'. सर्व्हर दिवसा हलत नाही म्हणून गुरुजी रात्री अकराला लॉगिन करतात, ही गोष्ट गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

या शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. सुरुवात २७०४ ने: २७ म्हणजे महाराष्ट्र, ०४ म्हणजे बुलडाणा. पुढे तालुका, गाव, शाळा. सरलमध्ये मुलाला जो १९ अंकी क्रमांक मिळतो, त्याच्या पोटात हाच शाळेचा क्रमांक असतो. म्हणजे मूल ज्या शाळेत पहिल्यांदा नोंदवलं गेलं, त्या शाळेचा पत्ता त्याच्या ओळखीत कायमचा कोरला जातो. मूल पुढे पुण्याला जाऊ दे नाहीतर सुरतेला. आता केंद्राचा ११ अंकी कायम शिक्षण क्रमांक आला, त्यावर १२ अंकी अपार आयडी आला. एका मुलाला तीन ओळखी, आधार धरला तर चार. या चौघी एकमेकींशी जुळतात का, हा एकच प्रश्न घेऊन नीट काम केलं तरी प्रबंध होईल.

पण हे सगळं आलं कुठून? इथे थोडा इतिहास लागतो आणि साहित्याच्या आढाव्यात तो जवळपास कधीच दिसत नाही. आकडेवारीचा भाग जुना आहे. १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात 'डायस' सुरू झालं, २०१२-१३ पासून प्राथमिक-माध्यमिक एकत्र करून 'यू-डायस' झालं, २०१८-१९ मध्ये त्याचं 'प्लस' झालं. ही मोजणीची परंपरा. महाराष्ट्राच्या सरलला मात्र दुसरी एक आई आहे, आणि ती म्हणजे संशय.

नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांचा पट तपासला, तेव्हा कागदावर खूप आणि वर्गात थोडी मुलं, असा प्रकार उघड झाला. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एक मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. पटावरच्या सुमारे २० लाख मुलांचा प्रश्न उभा राहिला. आता विचार करा, हजेरीपटावर जास्त नावं का लिहिली जात होती? नावावर तुकडी मिळते, तुकडीवर शिक्षक मिळतो, अनुदान मिळतं, पोषण आहाराचा तांदूळ मिळतो. २०१५ मध्ये सरल आलं तेव्हा या अनुभवाला चारच वर्षं झाली होती. इंग्रजी नावाचा विस्तार 'विद्यार्थ्यांच्या शिकण्यासाठी पद्धतशीर प्रशासकीय सुधारणा' असा होतो. शिकणं नावात आहे. पण प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद ठेवण्यामागचं मोठं कारण हे होतं की तेच मूल दोनदा मोजलं जाऊ नये.

म्हणून 'नवोपक्रम' हा शब्द लिहिताना जरा थांबा. मदत करायला केलेलं साधन आणि पकडायला केलेलं साधन यांच्या यशाची मोजपट्टी वेगळी असते. 'वेळेची बचत झाली का' हा प्रश्न पहिल्या साधनाला लागू पडतो. दुसऱ्याला विचारायचं ते हे: खोटं किती पकडलं, आणि पकडताना खरं किती मारलं? आम्ही प्रयोगशाळेत कुठल्याही चाचणीबद्दल हे दोन आकडे वेगवेगळे मागतो. सरलबद्दलच्या प्रबंधांत हे दोन आकडे मागितलेले मला क्वचितच दिसतात.

एका मुलाचं वजन

शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी शिक्षकसंख्या दिली आहे: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. राज्याने संचमान्यतेसाठी २८ ऑगस्ट २०१५ आणि नंतर १५ मार्च २०२४ चे शासन निर्णय काढले, त्यांत तपशील बदलत गेले. तुम्ही ज्या वर्षाचा अभ्यास कराल त्या वर्षाचा निर्णय समोर ठेवा. पण रचना तीच राहते: पायऱ्या. साठ मुलं असलेल्या शाळेला दोन शिक्षक, आणि एकसष्टावं मूल आलं की तिसरा.

आता यात आधार आलं. २०२२-२३ च्या सुमारास संचमान्यतेसाठी 'आधार वैध' विद्यार्थीच धरायचे असं धोरण आलं. पुढे कधी मुदतवाढ, कधी प्रत्यक्ष पडताळणीची सवलत, असं चालू राहिलं. पण शाळांना संदेश पोचला तो पोचला: मूल वर्गात बसलंय एवढं पुरेसं नाही, ते पोर्टलवर जुळलं पाहिजे.

समजा, आपल्या शाळेत ६१ मुलं आहेत. खरी, रोज येणारी. त्यातल्या दोघांची नावं आधारशी जुळली नाहीत. पोर्टलसाठी पट ५९. तिसरा शिक्षक गेला. पाच वर्गांना दोन शिक्षक उरले. नुकसान त्या दोन मुलांचं झालं का? नाही, सगळ्या एकसष्ट मुलांचं झालं.

आणि जुळत का नाही, तेही बघा. दाखल-खारीज रजिस्टरवर नाव देवनागरीत असतं, मधे वडिलांचं नाव, आडनाव कधी आधी कधी शेवटी. आधारवर ते रोमन लिपीत गेलेलं असतं. 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत कोणी 'डी'ने सुरू करतो, कोणी 'जी'ने, कोणी 'जे'ने. मुलीचं नाव घरी एक, दाखल्यावर दुसरं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी तसा लिहिला. आजच्या मुलांकडे जन्मदाखले असतात, तरी आधार काढताना सांगितलेली तारीख वेगळी असू शकते. दुरुस्ती करायची तर बापाने मजुरी बुडवून तालुक्याला जायचं.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही. आता बघा गंमत. प्रवेश कोणी नाकारलेला नाही, मूल वर्गात आहे, खिचडी खातंय. फक्त शिक्षक ठरवणाऱ्या तक्त्यात त्याचं वजन शून्य होऊ शकतं. निकालाच्या शब्दाला धक्का न लागता त्याच्या हेतूला धक्का लागू शकतो, आणि तो एका कळीमुळे लागतो. माझ्या मते तुमच्या विषयाचा गाभा हा आहे. 'मुख्याध्यापकांचा डिजिटल तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन' हा नव्हे.

इथे संख्याशास्त्राचा एक मुद्दा. ज्यांचा मेळ बसत नाही ती मुलं यादृच्छिक असतील का? मला तरी तसं वाटत नाही. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, ज्यांचं गाव वर्षातून दोनदा बदलतं, ज्यांच्या घरात एकाही कागदावर नाव सारखं नाही, अशांचीच नावं जास्त अडकतील असा माझा अंदाज आहे. हा अंदाज आहे. तपासणं तुमचं काम. पण तो खरा ठरला तर गळती सगळ्यांची सारखी नाही, म्हणजे अशा आकड्यांवर काढलेली प्रत्येक सरासरी एका बाजूला झुकलेली आहे.

आकडा कमी झाला, की मोजणी बदलली?

राष्ट्रीय पातळीवर याचं मोठं उदाहरण आहे. यू-डायस प्लसच्या अहवालात २०२१-२२ ला देशातली एकूण विद्यार्थीसंख्या सुमारे २६.५२ कोटी होती. २०२३-२४ ला ती सुमारे २४.८० कोटी. पावणेदोन कोटी मुलं कुठे गेली? बातम्या आल्या, वाद झाले. पण मधल्या काळात, २०२२-२३ पासून, पद्धत बदलली होती. आधी शाळा एकूण संख्या भरायची, आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद. आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही असं अहवालातच म्हटलंय.

या घटीत चार गोष्टी मिसळलेल्या असू शकतात: जन्मदर घटल्याने खरोखर कमी झालेली मुलं, शाळा सोडलेली मुलं, आधीची दुबार किंवा खोटी नावं, आणि खरी असूनही नोंद न जुळल्याने गळलेली मुलं. शासनाला तिसरी आवडते, टीकाकारांना दुसरी. चौथीचं नाव फारसं कोणी काढत नाही. प्रबंध लिहिताना 'यू-डायस प्लसनुसार पटसंख्या घटली' असं एक वाक्य टाकून पुढे जाऊ नका. मीटर बदलला की वाचन बदलतं, हे भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कमी रोधाचा व्होल्टमीटर लावला तर तो मंडलातून स्वतःच प्रवाह ओढतो आणि जे मोजायचं तेच खाली पाडतो. पोर्टल हा असाच मीटर आहे. शिक्षकांची पदं त्याला जोडल्यावर तर नक्कीच. समाजशास्त्रात हे डोनाल्ड कॅम्पबेलने १९७० च्या दशकातच सांगून ठेवलंय: एखादा आकडा निर्णयासाठी जितका जास्त वापराल, तितका तो वाकवला जाण्याचा दबाव वाढतो.

मग करायचं काय?

एक काम तुम्ही प्रश्नावली न छापता करू शकता. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळानिहाय माहिती बघता येते. जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांची पहिली ते पाचवीची एकूण पटसंख्या घ्या आणि आयतचित्र काढा. ५५, ५६, ५७ पासून ६५, ६६ पर्यंत किती शाळा आहेत? सगळं नैसर्गिक असेल तर ६० आणि ६१ मध्ये मोठी उडी दिसायला नको. ६० च्या अलीकडे खड्डा आणि ६१-६२ वर उंचवटा दिसला, तर पायरीने आकडा ओढलाय. हे तपासायला मॅक्रेरीची २००८ ची घनता-चाचणी आहे, मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते.

ही कल्पना माझी नाही. अँग्रिस्ट आणि लेव्ही यांनी १९९९ मध्ये इस्रायलच्या शाळांवर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. तिथे वर्गात ४० हून जास्त मुलं झाली की वर्ग फोडायचा नियम आहे. त्या पायरीचा वापर करून त्यांनी लहान वर्गाचा फायदा दाखवला. पुढे अँग्रिस्टना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पण तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा त्यांचा २०१९ चा निबंध आहे. नवी आकडेवारी घेऊन त्यांनी तोच प्रश्न पुन्हा तपासला आणि दिसलं असं, की पायरीजवळ पटसंख्या ओढलेली आहे. जन्मतारखांवरून अपेक्षित पट काढून हिशेब केला तर लहान वर्गाचा तो परिणाम दिसेना. स्वतःच्या नावाजलेल्या कामाच्या मुळाशी असलेला आकडा तपासायला वीस वर्षांनी परत जाणं, हे आढाव्याच्या प्रकरणात एका ओळीत उडवायची गोष्ट नाही. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचा.

आता सावधानता. ६१ वर उंचवटा दिसला म्हणजे चोरी झाली, असं लगेच लिहू नका. आमच्याकडे मे-जूनमध्ये गुरुजी-बाई घरोघर फिरतात. एखादी पोर घरी बसलेली असते, तिला शाळेत आणतात. पट टिकवायचा म्हणून आणतात हे खरं, पण पोर तर शाळेत आली ना? उंचवट्यात खोटं नावही असतं आणि शोधून आणलेलं मूलही. दोन्ही वेगळे काढायला दुसरा पुरावा लागतो: जानेवारी-फेब्रुवारीतली उपस्थिती, पोषण आहाराचे रोजचे आकडे, पुढच्या वर्षी ते मूल वरच्या वर्गात दिसतं का. आणि खरा मजेचा प्रश्न: आधार जुळणी आल्यावर उंचवटा कमी झाला का, आणि त्याच वेळी ५८-५९-६० वर नवा उंचवटा तयार झाला का? पहिला भाग म्हणजे पोर्टलने पकडलेलं खोटं, दुसऱ्यात पोर्टलने मारलेलं खरं असू शकतं. चार-पाच वर्षांची आकडेवारी घेऊन हे दाखवलंत तर तुमचं काम कुठलाही परीक्षक हलकं घेणार नाही.

तारखेकडेही लक्ष द्या. पटासाठी ३० सप्टेंबर हा दिवस धरण्याची रूढी जुनी आहे. उसाचा हंगाम सुरू होतो तो त्यानंतर. म्हणजे ज्या दिवशी आपण मुलं मोजतो, त्या दिवशी स्थलांतर करणारं मूल गावात असतं. महिन्या-दीड महिन्याने नसतं. पोर्टल वर्षभर ३० सप्टेंबरचाच फोटो दाखवतं. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, ते घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं. कार्ड कागदाचं आणि पट पोर्टलचा. या दोघांची गाठ कुठे पडते, पडते का, हे मेहकर-लोणार बाजूच्या दहा शाळांत सहा महिने बसून कोणी लिहिलं तर मी ते पहिलं वाचेन.

प्रत्यक्ष नोंदी बघायच्या असतील तर एक कडक सूचना. मुलांचे आधार क्रमांक उतरवून घेऊ नका, नावंही नकोत, फोटो तर नाहीच. तुम्हाला हवा आहे तो विसंगतीचा प्रकार: नाव, तारीख, लिंग की क्रमांकच नाही. तेवढी खूण वहीत पुरते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. ती वाचा आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीसमोर आधीच जा. 'मुख्याध्यापकांनी स्वतः दिली हो माहिती' हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरी बाजू न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. सरलमुळे काही कामं खरोखर सोपी झाली. मूल शाळा बदलतं तेव्हा त्याची नोंद ऑनलाइन पुढच्या शाळेकडे जाते; दाखल्यासाठी पालकाला दहा खेटे घालायला लावणाऱ्या शाळेचा हात थोडा ढिला झाला. दरवर्षी तीच माहिती तीन तक्त्यांत हाताने लिहायचं काम घटलं. तुमच्या नमुन्यातले मुख्याध्यापक 'सहमत' लिहितात त्यात हा खरा भागही आहे. म्हणूनच विधानं सुटी करा. 'पोर्टल उपयुक्त आहे' असं एक विधान देण्यापेक्षा विचारा, की गेल्या महिन्यात कोणत्या नोंदीसाठी किती रात्री बसलात, आणि पोर्टलवरचा कोणता अहवाल तुम्ही स्वतःच्या कामासाठी उघडून पाहिलात. दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याच ठिकाणी शांतता पसरेल, आणि ती शांतताही नोंदवायची असते.

डिजिटल म्हणजे आपोआप पारदर्शक, हे गृहीतक तर काढूनच टाका. नागपूर विभागात २०२५ मध्ये बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं. पात्रता नसलेल्या नेमणुकांना आयडी देऊन पगार काढल्याचे आरोप आहेत, आणि अटक झालेल्यांत शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारीही होते. तपास आणि खटले आपल्या गतीने चालतील. संशोधकाने टिपायचं ते असं, की २०११ मध्ये संशय शाळेच्या हजेरीपटावर होता, इथे तो वरच्या लॉगिनवर गेला. प्रणालीला नाव खरं की खोटं हे कळत नाही. मंजुरीची कळ कोणी दाबली एवढंच कळतं. तेव्हा तुमच्या नमुन्यात फक्त मुख्याध्यापक असतील तर अर्धी गोष्ट बाहेरच राहते. गटशिक्षणाधिकारी, वेतन पथक, शिक्षणाधिकारी कार्यालयातला संगणकचालक, हेही घ्या.

महाविद्यालयं किंवा विद्यापीठ हा विषय असलेल्यांसाठी थोडक्यात. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षेत सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरवलं. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. यावर लिहिताना 'तंत्रज्ञान अपयशी ठरले' असं लिहाल तर काहीच सांगितलं नाही. स्कॅनिंग, बारकोड, तपासणीसांचं प्रशिक्षण, विषयाप्रमाणे वाटप ही प्रत्येक पायरी किती दिवस आधी सुरू व्हायला हवी होती आणि कधी झाली, याची नुसती कालरेषा काढा. निम्मं विश्लेषण तिथेच होतं.

शेवटी व्यवहाराचं. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी परवानगी प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडून लागते; अर्जासोबत गाईडचं पत्र आणि साधनांची प्रत जोडा. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात कुठल्याच शाळेत जाऊ नका, सगळे पोर्टलला चिकटलेले असतात. नोव्हेंबरात जा, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी लॉगिन दाखवा म्हणू नका. आधी दाखल-खारीज रजिस्टर मागा, मग वर्गात जाऊन डोकी मोजा, आणि पोर्टलवरचा आकडा सगळ्यात शेवटी विचारा.